बाबांचं सिंगापूर

इंदूरच्या विमानतळावर बाबांनी पाठककाकांना सांगितलं, "मुलगी सिंगापूरला चालली आहे. युनिव्हर्सिटीत ॲडमिशन मिळालं."

पाठककाका आमच्या शेजारचे. मुलाला बंगळुरूच्या विमानात बसवायला आले होते. "अरे वा, सिंगापूर. मग भिया, मिठाई कुठे आहे?" म्हणत त्यांनी बाबांच्या पाठीवर थाप मारली. बाबा हसले. मी ट्रॉलीच्या दांड्याकडे बघत उभी राहिले. माझ्या पर्समधल्या तिकिटावर बँकॉक लिहिलेलं होतं. आईने माझी ओढणी उगाच सारखी केली.

बँकॉक का लपवायचं, हे इंदूरच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. आमच्याकडे व्यापाऱ्यांच्या टूर तिकडे जातात, आणि परत आलेल्यांना पानाच्या दुकानावर कोणीतरी डोळा मारून विचारतं, "क्यों भिया, हो आए?" मग हशा. अशा गावाला आपण मुलगी पाठवून राहिलो आहोत, हे बाबांच्या तोंडून निघेना. पण बँकॉक हे अर्धंच कारण. उरलेलं अर्धं कारण मी होते.

बाबा बेटम्याच्या शाळेत गणित शिकवायचे. सकाळी बसने जायचे, दुपारी परत यायचे. धार रोडवरच्या खेड्यांतली कितीतरी मुलं त्यांच्या हाताखालून इंजिनिअर झाली. अजून रस्त्यात भेटली की पाया पडतात. त्या सरांची मुलगी बारावीला गणितात नापास झाली, आणि पुढच्या वर्षी पुन्हा. दुसऱ्या वेळी ते ओरडले असते तर मी रडून मोकळी झाले असते. ते एवढंच म्हणाले, "चल, जेवून घे." त्यानंतर ते बसमध्ये तोंडासमोर पेपर धरून बसायला लागले, म्हणजे शेजारच्याने काही विचारायला नको. हे मला आईने सांगितलं. तिने ते सांगायला नको होतं.

आईनेच मग विजय नगरमधल्या एका इन्स्टिट्यूटमध्ये माझं नाव घातलं. परदेशी बोर्डाचा व्होकेशनल डिप्लोमा, विषय हॉटेल आणि हॉस्पिटॅलिटी. त्यात शेवटचा पेपर नसायचा. वर्षभर असाइनमेंट्स, प्रोजेक्ट्स, प्रॅक्टिकल. रागावलेल्या गेस्टशी कसं बोलायचं, लग्नाच्या पार्टीचा मेनू कसा बसवायचा, एका थाळीचा खर्च कसा काढायचा. "परीक्षाच नाही, तर मग पास कशात होणार?" बाबा म्हणाले. थाळीचा खर्च काढताना तेच टक्के, तीच गुणोत्तरं यायची आणि मला ती चटकन सुटायची. घरी मी हे बोलले नाही. कोणत्या तोंडाने बोलणार होते?

डिप्लोमा चांगल्या ग्रेडने मिळाला. मग डिग्रीसाठी कॉलेजं फिरलो. एका खिडकीवरच्या माणसाने कागद उलटसुलट करून बघितले आणि बाबांना म्हणाला, "सरजी, ये तो कोर्स हुआ. बारहवीं कहाँ है?" बाबांनी कागद हळूच काढून घेतले. परत येताना स्कूटरवर त्यांच्या पाठीमागे बसून मी सगळा रस्ता त्यांच्या शर्टाची शिवण बघत होते.

थायलंडचं आमच्या इन्स्टिट्यूटच्या डिसूझा मॅडमनी सुचवलं. तिथल्या काही युनिव्हर्सिट्यांच्या इंटरनॅशनल कोर्सेसना आमच्या लेव्हलचा डिप्लोमा त्यांच्या बारावीच्या बरोबरीचा धरतात, फक्त ठरलेले विषय पूर्ण झालेले हवेत, बोर्डाने रिझल्ट खरा असल्याचं कळवायला हवं, आणि इंग्रजीची एक टेस्ट द्यावी लागते. बाबांचा विश्वास बसेना. ते स्वतः चष्मा लावून त्या वेबसाइटवरचे नियम वाचत बसले, पेन्सिलने खुणा करत, जशी ते मुलांची गणितं तपासायचे. शंका आली की युनिव्हर्सिटीला मेल करायचे, प्रत्येक मेलची सुरुवात "रिस्पेक्टेड सर" अशी. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलांना पुढच्या वर्गात ढकलणारा माणूस आपल्या मुलीला कोणी आत घेईल का, म्हणून अनोळखी देशाला विनवत होता. शेवटी उत्तर आलं, डिप्लोमा मान्य आहे, इंटरव्ह्यू बाकी आहे. बाबा आईला म्हणाले, "त्यांच्याकडे चालतं म्हणे." फाटकी नोट एखाद्या दुकानात चालते, तसं ते मला ऐकू आलं.

आईने खजरान्याला जाऊन गणपतीच्या मागच्या भिंतीवर नवसाचं उलटं स्वस्तिक काढलं. काय मागितलं ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

इंटरव्ह्यू ऑनलाइन होता. समोर पिकलेल्या केसांच्या एक बाई होत्या. त्यांनी हात जोडले, अगदी आपल्यासारखे. थोडे प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली. मग त्यांनी घरच्या मोठ्या माणसांशी बोलायचं आहे असं सांगितलं. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून दाराआड उभेच होते. ते येऊन माझ्याजवळ बसले.

बाईंनी विचारलं, "तुमची मुलगी कशात चांगली आहे?"

बाबांनी चष्मा काढून पुसला, परत लावला. मग ते सावकाश इंग्रजीत म्हणाले, "माझा विषय गणित. त्यात ती कच्ची आहे. बाकीचं मी बघितलेलं नाही."

मी टेबलक्लॉथवरच्या वेलीकडे बघत राहिले. कान तापले होते. बाईंनी मान डोलावली. म्हणाल्या, "ठीक आहे. मग आम्ही बघतो."

अशी मी बँकॉकला आले. माझ्या वर्गात ब्रह्मदेशची, नेपाळची, चीनची मुलं होती आणि कोणालाही माझ्या बारावीत रस नव्हता. तरी कोणी मार्कांचं काही बोललं की माझी मान आपोआप खाली जायची. पहिल्याच आठवड्यात कळलं की इथे युनिव्हर्सिटीला 'महाविथयालय' म्हणतात आणि शिक्षकांना 'आचान', म्हणजे आपला आचार्य. मी फोनवर बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "बघ, शब्द तर सगळे आपलेच आहेत." नंतर आईने हळूच सांगितलं, "तुझे बाबा रोज सकाळी सिंगापूरचं हवामान बघतात. कोणी विचारलं तर सांगायला." मी हसले आणि फोन ठेवल्यावर हॉस्टेलच्या कॉटवर बसून राहिले. कधी खोटं न बोलणाऱ्या माणसाला माझ्यासाठी खोट्याचा गृहपाठ करावा लागत होता.

पुढे ट्रेनिंगसाठी मला एका हॉटेलच्या फ्रंट डेस्कवर ठेवलं. एका सकाळी टुरिस्टांचा एक ग्रुप आला आणि लॉबीत ओळखीची बोली घुमायला लागली. रांगेत पाठककाकू होत्या.

"अगं, तू?"

"काकू, मी ते... ट्रेनिंगसाठी. म्हणजे सिंगापूरहून इकडे..."

काकूंनी काउंटरवरून माझा हात धरला. "राहू दे गं. आम्हाला माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. खोटं बोलताना तुझ्या बाबांचे कान लाल होतात. हे एअरपोर्टवरून आले तेच म्हणाले, सर काहीतरी लपवून राहिले. मग मी तुझ्या आईला विचारलं, तर ती बिचारी रडलीच. आता पूर्ण कॉलनीला माहीत आहे. सरांना बरं वाटतं, म्हणून सगळे सिंगापूर म्हणतात, बस."

मी त्यांना रूमची किल्ली दिली, नाश्त्याची वेळ सांगितली, शिकवल्याप्रमाणे हसले. मग वॉशरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले. बाबा लोकांपासून मला लपवत होते, आणि लोक बाबांपासून आपल्याला सगळं माहीत असणं लपवत होते. एवढ्या चांगल्या माणसांना एवढी कसरत माझ्या नापास होण्याने करायला लावली होती. बाबांना मी यातलं काही सांगितलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात बारावीचा रिझल्ट लागला आणि पाठकांची धाकटी, मीनल, नापास झाली. खोलीचं दार लावून बसली, जेवेना, बोलेना. पुढचं मला काकूंनी फोनवर सांगितलं. दुपारी बाबा त्यांच्याकडे गेले. मीनलच्या दाराशी खुर्ची मागवून बसले आणि बंद दाराला उद्देशून बोलायला लागले.

"बेटा, माझी मुलगी दोनदा नापास झाली. माझ्याच विषयात. आणि ती सिंगापूरला नाही, बँकॉकला आहे. व्होकेशनल डिप्लोमा केला, त्यावर तिथे युनिव्हर्सिटीने घेतलं. इथे कोणी घेतलं नव्हतं. मी सगळे नियम वाचलेत. तू बाहेर आलीस की तुझ्यासाठीही बघू."

काकू म्हणाल्या, "सर उठले आणि खुर्ची जागेवर नेऊन ठेवली. यांच्याकडे बघून म्हणाले, 'पाठकजी, इतकी वर्षं मी तुमच्याशी खोटं बोललो.' आणि आमचे हे काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, 'हो का सर? आम्हाला तर कल्पनाच नव्हती.'"

संध्याकाळी मीनलने दार उघडलं. यंदा तिने विजय नगरच्या त्याच इन्स्टिट्यूटमध्ये नाव घातलं आहे.

मला खूप आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण बाबा त्या बंद दारासमोर खुर्ची टाकून बसलेले डोळ्यांपुढे आले की अजून माझा चेहरा तापतो. माझं अपयश त्यांना असं स्वतःच्या तोंडाने, शेजाऱ्यांच्या घरात उघडं करावं लागलं.

आता माझी डिग्री झाली आहे, इथेच नोकरी आहे. तुम्ही जे इंदूरला राहिलात आणि जे माझ्यासारखे निघून आलात, तुम्हा दोघांनाही सांगते, परदेशात माणूस हलका होतो ते खरं आहे. इथे माझं मागचं कोणाला ठाऊक नाही. पण ठाऊक नाही म्हणून ते झाकणारंही कोणी नाही. माझी लाज मला एकटीलाच सांभाळावी लागते. कॉलनीत ती सगळ्यांनी मिळून सांभाळली. मी सुटीत जाते तेव्हा गेटपासून घरापर्यंत ज्यांना माझं सगळं माहीत आहे अशी माणसं भेटतात, आणि विचारतात फक्त, "केव्हा आलीस? पोहे खाल्लेस का?" उत्तर देताना माझी नजर अजूनही वर होत नाही. मी खाली बघतच सांगते, "हो काकू, सकाळीच आले," आणि त्या मला हाताला धरून आत घेऊन जातात.