शंभर वेळा मेलेले सर्व्हर

"मॅडम, तीन नंबर मेला," सुमेधा माझ्या कानाशी कुजबुजली.

"अजून आपण मारलाच नाही!"

"तेच ना!"

समोर आमचं प्रोजेक्ट तपासायला आलेले दोन तज्ज्ञ बसले होते. सुमेधा ही माझी पीएचडीची विद्यार्थिनी, बेळगावची. तिची चार वर्षांची मेहनत त्या डेमोवर टांगलेली. सिस्टिम सोपी आहे. पाच सर्व्हर एकच माहिती सांभाळतात. दोन मेले, म्हणजे बंद पडले, तरी उरलेले तीन बहुमताने काम चालू ठेवतात. तिसरा मेला की सगळं ठप्प.

मी सर्व्हर रूमकडे धावले. युनिव्हर्सिटीच्या स्टोअर्सचे नागराजअण्णा तीन नंबर ट्रॉलीवर चढवून पाच नंबरच्या वायरी काढत होते.

"अण्णा, हे काय?"

त्यांनी माझाच रिपोर्ट पुढे केला. त्याची एक प्रत स्टोअर्सला जाते. 'दोन, तीन व पाच नंबरचे सर्व्हर प्रत्येकी शंभर वेळा मेले.' खाली माझी सही.

"एकदा मेलेली वस्तू आम्ही भंगारात काढतो मॅडम. हे तर शंभर वेळा!"

"अहो, आम्हीच चाचणीसाठी मुद्दाम मारले होते."

"सरकारी वस्तू? मुद्दाम?" त्यांनी आवाज खाली आणला. "हे कुठे लिहू नका."

एवढं बोलून त्यांनी दोन नंबरला हात घातला.

"अण्णा, ट्रॉलीवर दोनच मावतील. हे आधी ठेवून या."

त्यांनी ट्रॉलीकडे पाहिलं. "सरी, बरं. स्वल्प, जरा लिफ्टचं बटण दाबा."

मी दाबलं. ते परत येईपर्यंत डेमो संपला होता. सिस्टिम तिघांवर चालूच राहिली. ट्रॉली दारासमोरून जाताना पाहिलेले ज्येष्ठ तज्ज्ञ म्हणाले, "सर्व्हर खरोखर उचलून नेऊन दाखवणारी टीम पहिल्यांदाच पाहिली."

"थँक यू, सर," सुमेधा गंभीरपणे म्हणाली.

प्रोजेक्ट मंजूर झालं. सर्व्हर परत मिळायला मात्र तीन महिने लागले. कागदावर मेलेलं जिवंत करायला स्टोअर्सकडे फॉर्मच नव्हता. शेवटी पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला निघाला. मी गोदामात जाऊन दोन्ही सर्व्हर चालू केले आणि 'माझ्यासमक्ष हयात आहेत' असं लिहून सही केली.

हल्ली रिपोर्टात आम्ही 'तात्पुरते थांबवले' असं लिहितो. दाखला मात्र दर नोव्हेंबरला द्यावा लागतो.