धोंडूचे हात

धोंडू आमच्या शेजारच्या खोलीत राहायचा, बोरिवली पूर्वेला काजूपाड्याच्या चाळीत. मूळचा कणकवलीकडचा. गिरणीत त्याने सोळा वर्षं साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवले. संपात ते काम गेलं आणि तो एका सोसायटीत वॉचमन झाला.

साचेखात्यात इतका गोंगाट असतो की शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही. तिथले कामगार ओठ हलवून आणि हातांनी बोलतात. सूत तुटलं, मुकादम आला, तुझ्या पोराचा ताप उतरला का, सगळं. धोंडूचे कान त्या गोंगाटाने निम्मे गेले होते, म्हणून घरीही तसंच चाले. बायको शेवंती त्याच्याशी आवाज न काढता बोलायची आणि हाताने दाखवायची.

त्यामुळेच चूक झाली. त्यांची सुलक्षणा पाच वर्षांची होईपर्यंत तिला ऐकू येत नाही हे त्या घरात कुणाला कळलं नाही. पोर खुणेला खुणेने उत्तर द्यायची, भांडायची, खोड्या काढायची. फक्त बोलत नव्हती, म्हणून शेवंती जिभेला वेखंड उगाळून लावायची. चौऱ्याऐंशीच्या दिवाळीत तिच्या पाठीमागे लवंगीची माळ फुटली आणि ती मान न वळवता शंकरपाळी खात राहिली, तेव्हा माझ्या बायकोने पाहिलं.

"शेवंते, हिला ऐकू येत नाही गं," ती म्हणाली. शेवंतीने तिच्याशी महिनाभर बोलणं टाकलं.

चाळीला गंमत मिळाली. पहिल्या खोलीतला नंदकिशोर येता-जाता म्हणायचा, "काय धोंडू, आज कुठला मूकपट? तिकीट लाव यार." धोंडूला अर्धं ऐकू यायचं, तो हसायचा.

मूकपट खरंच चांगला असे. संध्याकाळी तो उंबऱ्यावर बसला की सुलू त्याला दिवसभराचं सांगायची. एकदा नंदकिशोरच्या बायकोच्या तव्यावरून मांजराने बांगडा पळवला होता. सुलूने आधी मांजर केलं, मग झाडू घेतलेली वहिनी केली, मग बांगडाही केला. धोंडूच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. त्याने मध्येच काहीतरी विचारलं, तिने कपाळावर हात मारून पुन्हा पहिल्यापासून करून दाखवलं.

अशा मुलांच्या शाळेची माहिती मीच काढली आणि मार्चमध्ये त्यांना घेऊन गेलो. तिथल्या नलिनीबाई खादीची साडी नेसलेल्या, शांत होत्या. सुलूने त्यांना हातांनी काही विचारलं. बाईंनी तिच्या बोटांवर फूटपट्टी मारली, जोरात नाही, आणि स्वतःच्या ओठांकडे बोट केलं.

"घरातल्या खुणा आजपासून बंद," त्या म्हणाल्या. "हातांनी भागतंय तोवर ही तोंड उघडणार नाही. शब्द काढल्याशिवाय मागेल ते द्यायचं नाही. जूनमध्ये आणा. एक तरी शब्द आला पाहिजे. जागा एक आहे आणि मुलं अकरा."

धोंडूने माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, बाईंक विचारा, मी थोड्याशा खुणा केलंय तर?"

"मग जागा दुसऱ्याला," बाई म्हणाल्या.

परतताना तो म्हणाला, "शिकलेली माणसा सांगतत, ता आमच्या बऱ्यासाठीच ना?"

मी हो म्हणालो. मला तसंच वाटत होतं.

शेवंती तर ठाम होती. "आपण मेल्यावर हिच्याशी हातान कोण बोलतलो? तुमच्या मिलीतली माणसा येतली?"

त्या दिवसापासून धोंडू उंबऱ्यावर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसू लागला. सुलू समोर येऊन सांगायला लागायची. तो फक्त ओठ हलवायचा. ती त्याचे हात ओढून बाहेर काढायची, त्याची बोटं स्वतःच दुमडून त्याचं उत्तर तयार करायची. तो हात पुन्हा खाली घालायचा. आठवड्याने तिला वाटलं असावं की आपलं काही चुकलंय. ती कान पकडून त्याच्यापुढे उठाबशा काढायची. उठताना दरवेळी त्याच्या मांड्यांकडे बघायची.

मे महिन्यातली दुपार. शेवंती धुण्याभांड्याच्या कामावर होती. सुलू उन्हातून आली आणि माठापाशी उभी राहून तिने अंगठा तोंडाला लावला. धोंडूने पेला वरच्या फळीवर ठेवला आणि ओठांनी दाखवलं, पाणी. तिने अंगठा पुन्हा लावला. मग रडली, मग त्याच्या गुडघ्यावर डोकं आपटलं. तो हलला नाही. मग ती माझ्या दारात आली. अंगठा तोंडाला.

नियम मलाही माहीत होता. मी त्या बहिऱ्या पोरीला मोठ्याने, अगदी स्पष्ट, "पाणी" असं म्हणालो आणि दार लावून घेतलं.

दारावर ती बराच वेळ थापा मारत होती. मग थापा थांबल्या आणि धोंडूच्या खोलीतून एक आवाज आला. गळ्यातून हवा फुटावी तसा. "पा." धोंडूने पेला भरला. ती तीन पेले प्यायली आणि सगळं ओकली. संध्याकाळी नंदकिशोरने पेढे वाटले.

जूनमध्ये तिने बाईंसमोर "पा" म्हटलं. जागा मिळाली. इतर दहांचं काय झालं ते मी विचारलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत एका सकाळी धोंडू ड्युटीला निघताना उंबऱ्यावर थांबला. प्रवेश तर झाला, आता थोडं चालेल, असं त्याला वाटलं असेल. त्याने मांजराची खूण केली आणि शेपटीही हलवून दाखवली.

सुलूने आधी दाराबाहेर पाहिलं, कुणी बघतंय का. मग त्याच्या बोटांवर फटका मारला. त्याची हनुवटी धरून तोंड स्वतःकडे वळवलं आणि म्हणाली, "बो. ल."

शेवंती चुलीपासून धावत आली. तिला रडू फुटलं होतं. नवऱ्याला कळावं म्हणून तिने ओठ मोठे करून विचारलं, "ऐकलात? दुसरो शब्द. किती साफ बोलली."

धोंडूने मान हलवली. सुलू त्याची हनुवटी सोडत नव्हती, शब्दाची वाट बघत होती. तो म्हणाला, "मांजर." तिने तो शब्द त्याच्याकडून चार वेळा म्हणवून घेतला, आणि मग त्याला जाऊ दिलं.