अरबी समुद्रातली 'धमकी'

"पांडेजी, 'धमकी' मैं नहीं लिखूँगी।"

पांडेजी माझे न्यूज एडिटर. बनारसमधल्या एका हिंदी पोर्टलवर मी उर्दू मॉनिटरिंग करत होते. म्हणजे पाकिस्तानी चॅनेल ऐकायचे आणि त्यातली बातमी डेस्कला द्यायची. त्या दुपारी पाकिस्तानच्या नौदलाने गोळीबाराच्या सरावासाठी अरबी समुद्राचा एक पट्टा बंद केला होता. असा सराव असला की आधी नोटीस निघते. जहाजांनी आणि मच्छीमारांनी तिकडे फिरकू नये, एवढ्यासाठीच. हल्ला करणारा नोटीस काढून येत नाही.

थोड्याच दिवसांपूर्वी आपल्या नौदलाने तशीच नोटीस काढली होती. तेव्हा आम्ही 'नियमित' हा शब्द वापरला होता. आताही तोच वापरा, असं मी म्हटलं.

"बिटिया, नियमित पर क्लिक कौन करेगा?" पांडेजी हसले. मग हळूच म्हणाले, "कॉन्ट्रॅक्ट इसी महीने रिन्यू होना है न तुम्हारा?"

"होना है। बातमीवरून मेरा नाम हटा दीजिए।"

घाईत माझं हिंदी असं मराठी होतं.

नाव काढलं. हेडलाइन गेली: 'समंदर में पाक की धमकी, भारत तैयार'. 'भारत तैयार' असं नौदलातलं कोणीही म्हटलं नव्हतं. ते पांडेजींचं.

दुसऱ्या दिवशी हेडफोन लावले. तिकडचा अँकर ओरडत होता: भारत तयार आहे, त्यांचाच मीडिया सांगतोय, म्हणजे आपला सराव योग्यच होता! पांडेजी माझ्या मागे येऊन उभे राहिले. खूश झाले.

"देखा? लगाओ, 'पाक में खलबली'!"

"स्क्रीन ठीक से देखिए। लोगो हमारा है।"

त्यांनी चष्मा लावला. अँकरच्या मागे आमचंच पान झळकत होतं. शेजारच्या टेबलावरून क्रीडावाला म्हणाला, "का गुरु, अपने ही भोंपू पर खुश हो गए?"

सगळे हसले. पांडेजी हसले नाहीत. 'खलबली' त्यांनी स्वतः टाइप केली, मी हात लावला नाही.

महिनाअखेर माझं कॉन्ट्रॅक्ट संपलं. "टॅलेंट है, ज़िद ज़्यादा है," पांडेजी म्हणाले. ज़िद मी सोबत घेऊनच निघाले.

आता दुसरीकडे हेच काम करते. पलीकडून गर्जना ऐकू आली की आधी एवढंच तपासते: हा आवाज त्यांचा, की आपलाच फिरून आलेला?