पिवळा पट्टा

लाकडाच्या कारखान्यात सगळे त्यांना सबूरमामा म्हणत, कारण कटर चालू असताना कुणी नुसतं पुढं सरकलं तरी ते ओरडायचे, "सबूर!" टेबलाच्या फटीतून वर आलेलं ते गोल दातेरी पातं, त्याच्याशी घाई केली की संपलंच. मामांनी कटरभोवती जमिनीवर पिवळा पट्टा रंगवला होता. पातं फिरतंय तोवर पट्ट्याच्या आत यायचं नाही, हाक मारायची नाही. आग लागली तरी नाही!

हा नियम फुकट आला नव्हता. लग्नानंतर थोड्याच दिवसांत बायको मागून आली आणि "अहो, जेवायला चला" एवढंच म्हणाली. मामा दचकले, हात सरकला, डाव्या हाताचा अर्धा अंगठा गेला. त्यांनी तिला कधी बोल लावला नाही. पण ती बाई तेव्हापासून त्यांना मागून हाक मारत नाही, घरातसुद्धा नाही.

त्या आठवड्यात मामांच्या घरी अक्का अंथरुणाला खिळल्या होत्या. आईमागं मामांना लहानाचं मोठं केलं ते या थोरल्या बहिणीनं. त्यांची वाचा गेली होती, डॉक्टरांनी हात टेकले होते. उशाशी बसून मामांचा जीव कासावीस व्हायचा, म्हणून ते कारखान्यात पळाले. हो, पळालेच, उगाच कामाचं नाव कशाला घ्या?

आधी त्यांनी प्लग काढून डोळ्यांसमोर टेबलावर ठेवला. पातं उतरवलं, दातांवर चिकटलेला डिंक रॉकेल लावून जुन्या टूथब्रशनं घासून काढला. पात्यामागची पोलादी पट्टी सरळ आहे ना ते पाहिलं; ती नसली तर चिरलेलं लाकूड पात्याला आवळतं आणि उसळून माणसाच्या पोटात घुसतं. मग पातं घट्ट बसवलं, प्लग लावला आणि फळ्या चिरायला घेतल्या.

एक फळी अर्धी चिरून झाली होती, तेवढ्यात बायको पट्ट्यापाशी येऊन उभी राहिली. पायात चप्पलसुद्धा नव्हती. मामांनी एकदाच वर पाहिलं आणि त्यांना वाटलं, संपलं. अक्का गेली!

अर्ध्यात फळी सोडता येत नाही. मामांनी ती काठीनं ढकलत शेवटपर्यंत नेली, हात जरासुद्धा हलू दिला नाही. आता फक्त लाल बटण दाबायचं होतं. ते त्यांनी दाबलं नाही, दुसरी फळी उचलली. पातं फिरतंय तोवर ती बोलणार नाही, आणि ती बोलत नाही तोवर अक्का आहे. वेडेपणा म्हणा हवं तर. मग आणखी एक फळी, मग आणखी एक. बायको हातवारे करत होती, कळवळून खुणा करत होती. मामांनी मान वर केलीच नाही.

फळ्या संपल्या तसे ते तुकडे घ्यायला लागले. वितीएवढे, मग त्याहूनही लहान, जे हातानं धरायला ते इतरांना साफ मनाई करायचे. उरलेला अर्धा अंगठा पात्याच्या जवळ गेला तेव्हा मात्र बायकोनं जन्मात पहिल्यांदा तो पट्टा ओलांडला आणि समोरून येऊन बटण दाबलं. पातं थांबायला वेळ लागतो. दोघं त्याच्याकडे बघत राहिले.

"बोल," मामा म्हणाले.

"अहो, अक्का बोलल्या! 'माझ्या छोट्याला आणा' म्हणाल्या. डॉक्टर म्हणाले, वेळ फार नाही, धावत जा. चला ना!"

मामा भुश्शानं माखलेले तसेच धावले. दारात शेजारीण उभी होती. "आत्ताच हो," ती म्हणाली. "दाराकडे डोळे लावून होत्या." अक्कांचा हात अजून गरम होता.

"इतका वेळ कुठं होतीस गं?" शेजारणीनं बायकोला विचारलं.

"मशीन चालू होतं," ती रडत म्हणाली. "हाक मारायचा धीरच झाला नाही. माझंच चुकलं."

मामांनी अक्कांचा हात सोडला नाही.

"तुझं नाही चुकलं," ते म्हणाले. "मी बघितलं होतं तुला."