शेंडेनक्षत्र फुटलं तेव्हाची आत्या

माझ्या नावापुढं पदवीची जी काही अक्षरं लागली, ती राधाआत्यामुळे. गेल्या महिन्यात तिच्या लेकीचा, वंदनाचा, फोन आला. "दादा, आई गेली..." मी वेधशाळेच्या व्हरांड्यात होतो.

आत्या शिरड शहापूरची. जवळा बाजारच्या आठवडी बाजारात भाजी विकायची. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढं गेलं नव्हतं. सत्त्याण्णव साली पश्चिमेला धूमकेतू दिसू लागला, तेव्हा गल्लीतल्या बाया 'शेंडेनक्षत्र निघालं' म्हणत लेकरांना घरात ओढत होत्या. आत्यानं मात्र मला हाताला धरून अंगणात नेलं. "काहून भ्यायचं रे? त्याला आपलं गाव तरी ठावं हाय का?" आणि तो मावळेपर्यंत माझ्यासोबत बघत राहिली. बारावीनंतर मला दुकानात कामाला लावायची बोलणी सुरू झाली, तेव्हा माझ्या वडिलांना तिनंच अडवलं. "पोरगं वर बघून राहिलंय, तर बघू दे की. खाली बघायला आपण हावोत ना!"

दोन हजार सहाच्या मे महिन्यात, मी वेधशाळेत नुकताच लागलेलो असताना, एक धूमकेतू फुटत फुटत पृथ्वीजवळून चालला होता. जवळून म्हणजे आमच्या भाषेत. तसा चंद्राच्या कितीतरी पलीकडून. नवेनवे तुकडे दिसत होते, अंधूक, एकामागं एक. आम्ही सगळे हरखून गेलो होतो... गावाकडं मात्र तुकडे अंगावर पडणार अशी हूल उठली. वंदनाचं लग्न त्याच आठवड्यात होतं. पुसेगावचे व्याही म्हणाले, पुढं ढकला. त्यांच्याकडं दुसऱ्या स्थळाची कुजबुज आधीच होती. ढकललेलं लग्न मोडणार, हे आत्या ओळखून होती.

तिनं कॉइन बॉक्सवरून फोन लावला. "मिलिंदा, ते पडतंय का?"

"आत्या, तशी शक्यता फारच..."

"शक्यता ठेव तुझ्याजवळ. पैसे संपून राहिले. पडतंय का न्हाई?"

"न्हाई पडत."

"बराबर," म्हणाली आणि फोन ठेवला.

पुढचं वंदनानं सांगितलं. आत्या थेट व्याह्यांच्या दारात गेली. "पंचशील म्हणता अन् शेंडेनक्षत्राला भेता, व्हय? माझ्या भावाचं पोरगं रोज त्याच्याकडं बघून राहिलंय, ते न्हाई म्हणतं. तुमच्याकडून कोण बघून राहिलंय?" नवरदेवाचा म्हातारा चुलता तेवढा पुटपुटला, "मंडपाचं कापड जरा जाड घ्या..."

लग्न ठरल्या दिवशीच लागलं. मला रजा मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी मी तिला पत्र पाठवलं, ते असं:

"आत्यास सप्रेम जय भीम. काल तिकडं लग्न लागलं आणि रात्री मी दुर्बिणीतून पाहिलं. तुकडे आपल्या वाटेनं चालले आहेत. एक तर इतका विरळ झाला की शोधावा लागला. एक सांगायचं राहिलं. तू फोन ठेवल्यावर मी सगळं गणित पुन्हा मांडलं. मग सरांना विचारलं. मग पुन्हा मांडलं. उत्तर तेच होतं आणि मला ते माहीतही होतं. पण आता त्यावर वंदनाचं लग्न उभं होतं. आपल्या घरात कुणाच्या शब्दावर आजवर असं काही उभं राहिलं नव्हतं. मी फिरून फिरून विचारलं, आत्या. तू एकदाच विचारलंस."