तीन थर विटा

माझी थोरली वहिनी खिडकीशी बसून कपडे दुरुस्त करायची. चेन बदलणे, उसवलेले शिवणे, पँट आखूड करणे. जिन्यावरून पडल्यापासून तिच्या पायांत जोर राहिला नव्हता. चाकांची खुर्ची आणि हाताने फिरवायचे मशीन, एवढाच संसार. दाराला पायऱ्या, तिला खुर्चीवरून उतरता येत नसे, म्हणून गिऱ्हाइके कपडे खिडकीतूनच द्यायची आणि खिडकीतूनच न्यायची.

खिडकीची जुनी चौकट वाळवीने खाल्ली. नवी मी केली. मी सुतार, काम सोडले तरी रंधा विकला नव्हता. बसवायची तिच्या मुलाने. तो गवंडी. भिंत सरळ आहे का ते बघायच्या ओळंब्याच्या दोरीसारखा कुठे झुकायचा नाही, म्हणून सगळे त्याला ओळंबा म्हणत. वहिनी लेकीकडे गेली होती तेवढ्यात त्याने काम उरकले. रस्ता दर डांबरीकरणाला वर येतो, पाणी आत उडते, म्हणून खाली तीन थर विटा चढवल्या आणि त्यावर चौकट ठेवली. काम चोख होते.

वहिनी परत आली. खुर्ची खिडकीशी नेली. हनुवटीपर्यंत भिंत.

"आई, काम बघ तरी."

"बघतेय. भिंतच दिसतेय."

"खुर्ची उंच करू ना. खाली फळ्या घालू."

"मग मशीन उंच करा, मग दिवा उंच करा. शेवटी मलाच छपराला टांगा."

मी हसलो. ओळंबा नाही.

"पाणी येईल आत."

"आलं तर पुसेन. गिऱ्हाईक गेलं तर काय पुसू?"

"नीट बसलेली चौकट मी उपटणार नाही."

"तू नकोच. भावोजी, छिन्नी द्या."

मी दिली. सिमेंट अजून पुरते धरले नव्हते, तरी बसून घाव घालणे सोपे नसते. कंबर साथ देत नाही, सगळा भार खांद्यावर येतो. प्रत्येक घावाला खुर्ची मागे सरकायची. ती पुढे यायची, पुन्हा मारायची. मदत तिने मागितली नव्हती. मी फक्त मागून खुर्ची धरली.

पहिली वीट सुटेपर्यंत तिचे बोट सोलले होते. तिने त्याला चिंधी गुंडाळली आणि दुसऱ्या विटेला हात घातला.

ओळंबा दारात उभा होता. "छिन्नी इतकी उभी धरू नकोस. घसरून हातावर बसेल."

"मग धरून दाखव."

त्याने छिन्नी घेतली. चौकट आम्ही दोघांनी उतरवली. उरलेल्या विटा त्याने काढल्या, आमच्याकडे न बघता. माप घ्यायला उभा राहिला तेव्हा वहिनी म्हणाली, "मला पलंगावर बसव. तू या खुर्चीत बस."

तो बसला. गुडघे भिंतीला लागले. हात पुढे करून त्याने भिंतीवर चौकटीच्या उंचीची पेन्सिलीने रेघ मारली.

"तुझे हात लांब आहेत. चार बोटं खाली घे."

त्याने रेघ पुसली. चार बोटे खाली घेतली. तिथे चौकट बसवली आणि पाण्यासाठी खिडकीच्या कट्ट्याला बाहेरच्या बाजूला चांगला उतार दिला. ते त्याचे त्यानेच सुचवले.

दुसऱ्या दिवशी शेजारची नर्स ड्युटीवरून येताना थांबली. पिशवीतल्या दुसऱ्या गणवेशाची शिवण उसवली होती. वहिनीने बसल्या जागेवरून हात बाहेर काढून तो घेतला.

"संध्याकाळी न्या. आणि कट्ट्यावर टेकू नका हं, अजून ओला आहे. तो ओळंबा माझ्यावर ओरडेल."