‘क्ष’ पुरेना

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी संगमनेरच्या एका शाळेत गणित शिकवत होते. शाळा सुटलेल्या मुलींना घरबसल्या शिकता येईल असं बीजगणिताचं मराठी पुस्तक लिहायचं मी मनावर घेतलं होतं. हेडमास्तर म्हणाले, “शिकवणाऱ्यावाचून बीजगणित कुणाला येत नसतं, बाई.” मला राग आला आणि भीतीही वाटली. ते खरं असेल, तर माझ्या पुस्तकाला काही अर्थच उरत नव्हता.

लिहायचं कशानं, हा पहिला प्रश्न. मला टाइपरायटरची भारी हौस. शाळेच्या कचेरीतलं मराठी मशीन मागून आणलं आणि अख्खी मे महिन्याची सुट्टी ते बडवत बसले. त्यावर बरोबरचं चिन्ह नव्हतं. उण्याची रेघ मारायची, कागद किंचित सरकवायचा, पुन्हा मारायची.

छापखान्यात शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवायचं काम चाचा करत. त्यांच्यापुढे मी तो गठ्ठा ऐटीत ठेवला. त्यांनी दोन पानं पाहिली.

“ह्यातलं उणं कंचं नि बरोबर कंचं, कळंना. हातानं लिवा, चौकटीच्या वहीत. बरोबरचं चिन्ह एकाखाली एक येऊ द्या.”

सुट्टी पाण्यात गेली. फणफणतच घरी आले. पण वहीत लिहायला लागले आणि माझंच गणित मला पहिल्यांदा नीट दिसलं.

जुळणी सुरू झाली, तर ‘क्ष’चे खिळे पुरेनात. एरवी मराठीला ‘क्ष’ लागतो कितीसा! चाचा एक पान जुळवायचे, छापायचे, खिळे सोडवून मग पुढचं घ्यायचे. काम गोगलगायीच्या चालीनं चाललं होतं.

एका दुपारी त्यांनी मला बोलावून घेतलं.

“बाई, बरोबरच्या पल्याड गेलं की उण्याचं अधिक हुतं ना? सगळीकडं तसंच हाय. हितं झालेलं न्हाई. माजं चुकलं का तुमचं?”

वही पाहिली. चूक माझी होती. मी स्टुलावर बसले.

“चाचा, तुम्ही शिकलात किती?”

“तिसरी. त्यात असलं कायबी नव्हतं.”

इतकी थक्क मी आयुष्यात क्वचितच झाले असेन. उलटी अक्षरं लावता लावता हा माणूस कुणी न शिकवता बीजगणित शिकला होता. चूक दुरुस्त करून मी वही त्यांच्या हातात दिली.

“म्होरल्या पानावरची उत्तरं लिवू नका,” ते म्हणाले. “मी काढून बघतो.”